पेपरची गुंडाळी खाली ठेवा

परवा लिफ्टमध्ये आमच्याच बिल्डिंगमधल्या एक ताई भेटल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं जेमतेम दीड महिन्याचं कुत्र्याचं पिल्लू होतं हातात. कौतुकानं दाखवलं आणि विचारलं, "हॉलमध्येच शू करतंय हो. तोंड त्यात घासून पेपरच्या गुंडाळीनं एक फटका दिला की शिकतात म्हणे?" चौथ्या मजल्यापासून खाली येईपर्यंत जेवढं बोलता आलं तेवढं बोलले, पण मन भरलं नाही. म्हणून हे लिहितेय. मोठं होणार आहे. पण ज्यांच्या घरी पिल्लू आलंय किंवा यायचं घाटतंय, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आमची टिकली गेल्या वर्षी जूनच्या शेवटी आली. मातकट रंग, कपाळावर बरोबर मध्यावर पांढरा ठिपका. पार्किंगमध्ये जनरेटरच्या मागे चार पिल्लं होती आणि त्यांची आई रस्त्यावर गाडीखाली गेली. पावसाची झड लागली होती. लेक रडायला लागली, म्हणून एक वर आणलं. डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं, पाच आठवड्यांची असेल. उरलेल्या तिघांसाठी घरं शोधेपर्यंत आठ दिवसांत दोघं गेली. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. आधी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि तो वास एकदा आला की विसरता येत नाही. सकाळी शेपटी हलवणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान उचलत नव्हतं. सलाईन लावली, रात्रभर बसलो, उपयोग झाला नाही. तिसरं वाचलं, साताऱ्याला एका घरी गेलं, आता दणकट झालंय.

हे आधी सांगतेय, कारण शिस्त वगैरे नंतर, आधी पिल्लू जगलं पाहिजे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आपल्या चपलांवरून घरात येतो. फिनाइलनं तो मरेल असं धरून चालू नका, पातळ केलेलं ब्लीच लागतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. "एक इंजेक्शन झालंय" म्हणून पिल्लू बागेत सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. एका इंजेक्शनानं काम होत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट धरत नाही, आणि ती कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तर इतके डोस. जंताचं औषध तर त्याच्याही आधीपासून.

आता खरी अडचण. लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर पाय टेकवायचा नाही, आणि नेमके तेच आठवडे पिल्लाचं मन उघडं असतं. अमेरिकेत बार हार्बर इथं स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटतं. त्यानंतर नव्या गोष्टीची आधी भीती वाटते. म्हणजे चार महिने घरात कोंडून ठेवलेलं पिल्लू पार्व्होपासून वाचतं आणि मग जन्मभर रिक्षाला, छत्रीला, दाढीवाल्या माणसाला घाबरतं. घाबरलेलं कुत्रं चावतं. मग त्यालाच "डेंजर" म्हणून साखळीला बांधतात.

यावर तोडगा आमच्या आजींनी काढला. माझ्या सासूबाई, वय ७८, त्यांना सगळेच आजी म्हणतो. त्यांनी जुन्या सुती साडीची झोळी शिवली. गळ्यात अडकवायची, आत टिकली, फक्त तोंड बाहेर. "आमच्याकडे शेतात जाताना बायका पोरं अशीच नेत," म्हणाल्या. त्या झोळीतून टिकलीनं जग पाहिलं. भाजीवाल्याची गाडी, कुकरच्या शिट्ट्या येणाऱ्या खिडक्या, शाळा सुटल्यावरचा गोंगाट, पीएमटीचा थांबा, हेल्मेट घातलेली माणसं, काठी टेकत चालणारे आजोबा. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. कुणी "हात लावू का?" विचारलं तर आधी टिकली स्वतःहून नाक पुढे करते का ते बघायचं. नाही केलं तर नमस्कार करून पुढे.

जुलैत पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, ते तुम्हाला सांगायला नको. नदीपात्राच्या बाजूला संध्याकाळी नुसता दणदणाट. पहिल्या दिवशी आम्ही इतके लांब उभे राहिलो की ढोल म्हणजे नुसती धडधड. टिकलीनं कान टवकारले. कान टवकारले की उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा. ढोल थांबला की तुकडा बंद. दोन-तीन दिवसांनी दहा पावलं पुढे. एकदा तिनं ओठ चाटायला सुरुवात केली आणि जांभया द्यायला लागली. झोप आली असेल असं वाटतं आपल्याला, पण ती अस्वस्थ होण्याची खूण असते. तिथूनच मागे फिरलो. तीन आठवड्यांनी ढोल सुरू झाला की ती आजींच्या हाताकडे बघायची. गणपतीत मात्र तिला मिरवणुकीत नेलं नाही, आणि कुणीही नेऊ नये. त्या स्पीकरच्या भिंतींपुढे माणसाच्या छातीत धडकी भरते, तिथं साडेतीन महिन्यांच्या जिवाला का उभं करायचं?

आता शी-शू. ताईंचा मूळ प्रश्न.

दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. मूत्राशयच तेवढं नसतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, या तीन वेळा ठरलेल्या. आम्ही गॅलरीत मातीचा ट्रे ठेवला. उठली की उचलून ट्रेमध्ये, तिनं केलं की लगेच, दोन सेकंदांत, शाबासकी आणि खाऊ. रात्री अडीचचा गजर. पहिले पंधरा दिवस मी, मग नवरा. हॉलमध्ये झालीच तर न बोलता पुसायचं. फिनाइलचा वास आपल्याला येतो, पिल्लाला त्याखालचा शूचा वास येतच राहतो आणि ते पुन्हा तिथंच जातं. त्यासाठी दुकानात एन्झाइमवालं क्लिनर मिळतं, ते घ्या. टिकली साडेतीन महिन्यांत घरात करायची जवळजवळ थांबली.

मारल्यावर काय होतं ते सांगते. मगाशी केलेल्या शूचा आत्ताच्या फटक्याशी संबंध पिल्लाला लावता येत नाही. त्याला कळतं ते एवढंच की या माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. बाहेर फिरायला नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, घरी येऊन पडद्याआड करतं. आणि लोक म्हणतात, "बघा, मुद्दाम करतं, वर चेहरा कसा अपराधी करतं!" तो चेहरा अपराधाचा नसतोच. न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासून पाहिलं. कुत्र्यानं खाऊ चोरला होता की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा, काहीच न केलेल्या कुत्र्याचासुद्धा. ती भीती आहे हो. आपण तिला कबुली समजतो आणि आणखी एक फटका देतो.

शेजारच्या काकांनी आम्हालाही गुंडाळीचा सल्ला दिला होता, अगदी आपुलकीनं. त्यांच्या लहानपणच्या मोत्याला तसंच वाढवलं होतं. आजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ, कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. काठी घेऊन नाही." काकांनी पुन्हा विषय काढला नाही. हल्ली संध्याकाळी तेच टिकलीला फिरवायला नेतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आता. पिल्लाला शिकवण्याआधी घरातल्या माणसांनी एकत्र बसून शब्द ठरवायचे असतात. आमच्याकडे लेक "सिट" म्हणायची, नवरा "बस", मी "खाली बस". आणि आजी खेळून दमल्या की म्हणायच्या, "बस आता, पुरे!" म्हणजे एकाच घरात "बस"चे दोन अर्थ. टिकली बिचारी आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची. तिला "ऐकत नाही" म्हणायला आम्ही मोकळे! मग एका रविवारी फ्रिजवर कागद लावला. बसायला "बैस". तोंडातलं टाकायला "सोड". जागेवर राहायला "थांब". आणि बोलवायला "ये". सोफ्यावर घ्यायचं की नाही हेही त्याच कागदावर, कारण एकानं घ्यायचं आणि दुसऱ्यानं ढकलायचं, यात पिल्लाची काय चूक?

"ये" या शब्दाला आम्ही सोवळ्यात ठेवलंय. "ये" म्हटल्यावर टिकली आली की तिला चांगलंच मिळणार. रागवायला, औषध पाजायला, नखं कापायला "ये" म्हणून बोलवायचं नाही. तेव्हा आपण उठून तिच्याकडे जायचं. गेल्या नोव्हेंबरमध्ये पट्ट्याचा हूक निसटला आणि ती मांजरामागे रस्त्याच्या दिशेनं सुटली. लेकीनं "टिकली, ये!" म्हणून हाक मारली. ती वळली. समोरून टेम्पो येत होता. फटक्यावर वाढलेलं पिल्लू त्या हाकेला वळलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते.

दातांचं थोडक्यात. २८ दुधाचे दात, सुईसारखे, आणि चौथ्या महिन्यापासून ते पडून ४२ पक्के येतात. हिरड्या शिवशिवतात, पिल्लू सगळं चावतं. ओला फडका गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि तो चावायला द्यायचा. पण रात्री आठनंतरचं पिसाटल्यासारखं चावणं बहुतेक वेळा झोप अपुरी झाल्यामुळे असतं. पिल्लाला दिवसातून अठरा तास झोप लागते. पाहुणे आले की त्याला उठवून मांडीवर देऊ नका. चावायचं किती जोरात, हे पिल्लू आपल्या भावंडांकडून शिकतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदीही आहे. चार आठवड्यांचं पिल्लू डब्यात घालून विकणाऱ्याकडून घेऊ नका. टिकलीचा नाइलाज होता, तिची आईच नव्हती.

आणि पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर "एवढंसं तर पिल्लू, त्याला कसला रेबीज" असं म्हणू नका. रस्त्यावरच्या, लस न झालेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. लेकीला दात लागला तेव्हा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू केली. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

खाण्याचंही एक. दूध-पोळीवर पिल्लं वाढवायची आपली जुनी पद्धत, पण गाई-म्हशीच्या दुधानं अनेकांना जुलाब होतात. कांदा-लसणाची आमटी नको, चॉकलेट नको, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा तर अजिबात नको. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

मध्यंतरी ओढायची सवय घालवायला एक ट्रेनर बोलावला होता. आल्या आल्या त्यानं पिशवीतून चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणारी साखळी, काढली. टिकली तेव्हा पाच महिन्यांची. पहिल्या झटक्याला तिचा जो आवाज निघाला, तो ऐकून आजी आतून बाहेर आल्या. मी त्याला पैसे दिले आणि निरोप दिला. नवऱ्याला वाटलं मी घाई केली, "त्याला अनुभव आहे," म्हणाला. आमचं त्या रात्री चांगलंच वाजलं. मग त्यानंच शोधून मला एक अभ्यास वाचून दाखवला. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. झटके आणि ओरडा देऊन शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं हार्मोन वाढलेलं होतं, खाऊ देऊन शिकवलेल्यांच्यात तसं नव्हतं. ओढणं आम्ही साध्या पद्धतीनं घालवलं: पट्टा ताणला की आपण झाडासारखं उभं राहायचं, सैल झाला की चालायचं. कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जायला पहिल्या आठवड्यात पंचवीस मिनिटं लागायची. आता चार लागतात.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद केल्या, पंखा आणि टीव्ही लावला. फटाक्यांचे आवाज महिनाभर आधीपासून जेवताना मोबाईलवर अगदी बारीक ऐकवले होते. तरी पहिल्या सुतळी बॉम्बला ती दचकलीच. पळाली आणि आजींच्या पलंगाखाली गेली. तिला ओढून बाहेर काढलं नाही. आजी गुडघे दुखत असताना खाली चटईवर बसल्या, पलंगाखाली हात घातला आणि रात्री एकपर्यंत तसंच बसून हरिपाठ म्हणत राहिल्या. हळूहळू टिकलीची हनुवटी त्यांच्या तळहातावर आली.

लिफ्टमधल्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर आजींनी निरोप दिलाय. झोळी धुऊन, घडी करून ठेवली आहे. संध्याकाळी येऊन घेऊन जा. पहिला आठवडा रात्री अडीचला मला हाक मारलीत तरी चालेल, मी दोन मजले उतरून येईन.