रुग्णालयांची माहिती सरकारच्या दप्तरात नको, लोकांच्या हाती हवी

खाजगी रुग्णालयांच्या दरांवर राज्य सरकारला नियंत्रण ठेवताच येत नाही, असे जेव्हा कोणी ठामपणे सांगते, तेव्हा मला कोरोना साथीतील २१ मे २०२० ची अधिसूचना आठवते. महाराष्ट्र सरकारने त्या दिवशी खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे ते दर होते. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले, आणि जून २०२१ मध्ये शहरांचे वर्ग पाडून लहान शहरे आणि ग्रामीण भागासाठी हे दर आणखी खाली आणले गेले. महागडी औषधे आणि पीपीई किट या दरांबाहेर राहिल्यामुळे अनेकांची बिले तरीही फुगली, हे खरे आहे. पण सरकारने मनावर घेतले तर बिल तपासता येते, एवढे त्या काळात सिद्ध झाले.

साथ ओसरल्यावर ही व्यवस्था गुंडाळली गेली. आज आपल्याकडे उरला आहे तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आणि जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेले त्याचे नियम. या नियमांनुसार प्रत्येक रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि १५ बाबींचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दर किती असावेत, याबद्दल मात्र नियम काहीच सांगत नाहीत. रुग्णालये आणि दवाखान्यांची नोंदणी व नियमन करणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि स्वतःचा तसा सर्वंकष कायदाही केलेला नाही.

माझ्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीला रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा दरपत्रक कुठे आहे असे मी स्वागतकक्षात विचारले. ते आत कार्यालयात आहे, असे उत्तर मिळाले. घरी सोडताना जे बिल हातात आले, त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ (हातमोजे, सिरिंज यांसारख्या वापरून टाकायच्या वस्तू) या एका शब्दासमोर औषधांपेक्षा मोठी रक्कम होती. तपशील मागितला तर तो दुसऱ्या दिवशी मिळेल, पण रुग्णाला न्यायचे असेल तर पैसे आत्ताच भरावे लागतील, असे सांगण्यात आले. अशा वेळी बिलिंगच्या खिडकीसमोर उभा असलेला माणूस हुज्जत घालत नाही, पैसे भरतो. म्हणूनच तक्रार करण्याची सगळी जबाबदारी रुग्णाच्या नातेवाइकांवर टाकणारी देखरेख मला अपुरी वाटते.

खरे तर बरीच माहिती सरकारच्या हाताशी आहे. मोफत उपचार देणाऱ्या राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराला आधी मंजुरी लागते आणि नंतर दावा सादर करावा लागतो. त्यामुळे कोणत्या रुग्णालयाने कोणत्या शस्त्रक्रिया किती केल्या, हे त्या नोंदींवरून काढता येते. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखायच्या आहेत आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची आहे. त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. तरीही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आलेल्या बाईला ‘कोट्यातील खाट शिल्लक नाही’ असे सांगितले गेले, तर ते खरे की खोटे हे तिने त्या क्षणी कसे पडताळायचे?

खाजगी क्षेत्र माहिती देत नाही, ही सबबही मला पटत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गल्लीतल्या लहानशा सोनोग्राफी केंद्रालाही प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद करणारा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो आणि दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मागील महिन्याचा अहवाल द्यावा लागतो. क्षयरोगाचा रुग्ण आढळला तर तो कळवणे खाजगी डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे.

माहिती रुग्णालयनिहाय का हवी, याचे एकच उदाहरण देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील खाजगी रुग्णालयांमधील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. ही सरासरी धोरण आखणाऱ्यांच्या कामाची आहे. सातव्या महिन्यात नाव नोंदवायला निघालेल्या जोडप्याला मात्र आपल्या तालुक्यातल्या चार प्रसूतिगृहांचे आकडे हवे असतात. गुंतागुंतीच्या केसेस घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांचे प्रमाण साहजिकच जास्त दिसेल, हा डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे आणि आकड्यांसोबत तो खुलासा छापलाच पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, राज्याने प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाचे १५ बाबींचे दर, नेहमीच्या दहा-बारा शस्त्रक्रियांचे सरासरी बिल, सिझेरियनचे प्रमाण आणि धर्मादाय खाटांची रोजची स्थिती रुग्णांची ओळख उघड न करता एका संकेतस्थळावर मराठीत द्यावी. ही माहिती न देणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांनी रोखून धरावे.