गोळी कुटा, पण बाटलीत टाकू नका

‘बाळ औषध थुंकतं? कोणतीही गोळी कुटून दुधाच्या बाटलीत घाला, कडू लागली तर मध मिसळा. मोठ्यांची अर्धी गोळी मुलांना चालते.’ आयांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मजकुरात खरं इतकंच की काही गोळ्या कुटून देता येतात. बाकीचं बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी बाटली. शंभर मिलीतलं साठ मिली पिऊन बाळ झोपलं, तर औषध किती पोटात गेलं? भुकटी तळाशी बसली असेल तर निम्मंही नाही. मग पुन्हा डोस द्यायचा की नाही, हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. शिवाय दूध कडू लागलं की बाळ दूधच नाकारायला लागतं.

जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळांना थायरॉक्सिनची गोळी रोज कुटूनच देतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते, म्हणून तिथे हयगय चालत नाही. दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून बारीक करायची, त्यात थोडंसं आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घालायचं आणि लगेच पाजायचं. चमच्याला चिकटलेली भुकटी दोन थेंबांत खळबळून तीही द्यायची. सोया फॉर्म्युला, लोह किंवा कॅल्शियमसोबत मात्र नाही, कारण औषध नीट शोषलं जात नाही. मोठ्या मुलाला औषध कुस्करलेल्या केळ्याच्या एकाच घासात द्या. तो घास आधी, बाकीचं जेवण नंतर.

‘कोणतीही गोळी’ तर मुळीच नाही. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असेल तर ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. काही गोळ्यांवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, तेही कुटल्यावर उरत नाही. फार्मसिस्टला विचारा, पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी बहुतेकदा मिळते.

एक वर्षाच्या आत मध नकोच, चाटवायलाही नको. त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.

राहिली अर्धी गोळी. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोला जास्तीत जास्त 15 मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला 150. पाचशेच्या गोळीचा अर्धा भाग 250 होतो. सिरपही 5 मिलीला 120, 125 किंवा 250 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येतं, त्यामुळे बाटली बदलली की किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून पुन्हा लिहून घ्या.