न भिजता व्हिक्टोरिया फॉल्स

धबधबा पाहायला निघालेल्या माणसाचं पहिलं कर्तव्य म्हणजे कोरडं राहणं. हे कर्तव्य पार पाडण्यासाठी झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्ससारखं गाव नाही. तिथे गेल्यावर मात्र त्याला गाव म्हणू नका. डिसेंबर २०२० मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आहे आणि शहराला शोभेल अशी रहदारीही आहे. संध्याकाळी रस्ता ओलांडायला हत्ती येतात. वॉर्टहॉग नावाची सुळेवाली डुकरं पुढचे गुडघे टेकून कुणाच्याही हिरवळीवर इतक्या भक्तिभावाने चरत असतात की आपल्यालाच संकोच वाटावा.

आधी मुहूर्त बघा. धबधब्याची नदी झांबेझी एप्रिलच्या सुमारास भरून वाहते. तेव्हा मिनिटाला सुमारे ५० कोटी लिटर पाणी १०८ मीटर खाली घळीत आदळतं आणि तुषारांचा लोट ४०० मीटरच्याही वर चढतो. म्हणजे १,७०८ मीटर रुंदीच्या धबधब्यासमोर तुम्ही उभे असता आणि तुम्हाला दिसतो तो पांढरा पडदा. इतका खर्च करून धुकं पाहण्याचं सुख एप्रिलातच मिळतं. ज्यांना धुकं सोसत नाही त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पलीकडे झांबियाच्या बाजूला जावं. तिथे त्या दिवसांत लांबच लांब काळा कोरडा कातळ पाहायला मिळतो. दोन्ही वेळा घरी परतल्यावर ‘आम्ही गेलो तो सीझन चुकीचा होता’ असं म्हणता येतं, आणि ते खरंही असतं. अधलेमधले महिने टाळा. तेव्हा धबधबा दिसतो.

गेटबाहेर रेनकोट भाड्याने मिळतात. जरूर घ्या. आपल्या आधी तो कितीजणांनी आतून भिजवला असेल हा विचार करू नका. पाऊस इथे वरून पडतो, समोरून येतो आणि वारा फिरला की घळीतून वर उसळत पायांखालूनही येतो. रेनकोट शिवणाऱ्याने यातली एकच दिशा धरलेली असते. झिम्बाब्वेच्या बाजूला धबधबा पाहण्याच्या सोळा जागा आहेत. पहिल्या जागी फोन वाचवायचा, दुसऱ्या जागी चष्मा पुसायचा आणि उरलेल्या चौदा झपाझप उरकायच्या, कारण दुपारी हेलिकॉप्टर आहे.

मधे पुतळा लागेल तो डेव्हिड लिव्हिंगस्टनचा. १६ नोव्हेंबर १८५५ रोजी याने धबधब्याचा शोध लावला. शोध कसा लावायचा तेही शिकून घ्या. धबधब्याला आधीपासून ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर, असं नेमकं नाव देऊन बसलेल्या लोकांनाच होडी वल्हवायला सांगायचं. कड्यावरच्या बेटापर्यंत त्यांनी आपल्याला सुखरूप नेऊन सोडलं की खाली वाकून पाहायचं आणि तिथे कधीच न आलेल्या राणीचं नाव त्या पाण्याला देऊन टाकायचं. तुमच्या टूरची पद्धत हीच आहे. वल्हवणारा दुसराच असतो, फोटोखाली नाव तुमचं असतं.

पण माझा खरा आदर्श लिव्हिंगस्टन नव्हे. तो बिचारा भिजला असणार. आदर्श म्हणजे आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य पसरवणारा धनाढ्य पुढारी सेसिल ऱ्होड्स. घळीवरून रेल्वेचा पूल असा जावा की धबधब्याचे तुषार डब्यांवर पडावेत, ही त्याची हौस. स्वतः मात्र तो धबधबा पाहायला कधी गेलाच नाही आणि पूल व्हायच्या आधी, १९०२ मध्ये, वारलासुद्धा. तुषार इतरांच्या डब्यांवर पडले. न भिजणाऱ्यांच्या संप्रदायाचे हे आद्य गुरू.

पूल उभा राहिला १९०५ मध्ये आणि उद्घाटनाला कोण, तर चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज. योगायोगाला काही मर्यादा असावी. आज त्याच पुलावर बबून फिरतात. माणूस आणि माकड यांचं नातं पटवायला वडिलांना जाडजूड ग्रंथ लिहावे लागले. इथला बबून तुमच्या पिशवीची चेन उघडून, आतलं केळं काढून, तुमच्यादेखत सोलून खातो आणि ते नातं पाच सेकंदांत पटतं. अशा वेळी पिशवी ओढू नका. थोरल्या भावाशी भांडू नये.

पुलावर दोन देशांची हद्द आहे आणि बरोबर मधोमध १११ मीटरची बंजी उडी. उडी मारताना डोळे मिटलेले असतात, त्यामुळे धबधबा दिसण्याचा धोका नाही. दोर भक्कम आहे. २०११ च्या ३१ डिसेंबरला तो एकदाच तुटला आणि ऑस्ट्रेलियाहून आलेली एक तरुणी पाय बांधलेल्या अवस्थेत झांबेझीत पडली. ती पोहत काठाला लागली, वाचली. त्यानंतर दोर सुरक्षित असल्याचं दाखवायला झांबियाच्या मंत्र्यांनी स्वतः उडी मारली. चौकशी समिती नेमून तीन वर्षांनी अहवाल मागवण्याचा साधा मार्ग असताना मंत्र्यांनी असं करावं, हे काही मला शोभादायक वाटलं नाही.

हेलिकॉप्टरच्या फेरीला ‘फ्लाइट ऑफ एंजल्स’ म्हणतात. देवदूतांना इतका आवाज होत असता तर त्यांना कुणी स्वर्गात ठेवलं नसतं. वरून धबधबा बोटभर दिसतो आणि फोनच्या चौकटीत नीट मावतो. निसर्ग चौकटीत मावत नसेल तर त्याच्यापासून लांब जावं, हा साधा नियम आहे.

डेव्हिल्स पूल या डोहाबद्दलही विचाराल. नदीचं पाणी उतरलं की झांबियाच्या बाजूला, थेट कड्याच्या ओठावर, दगडी काठ आडवा असलेला हा डोह मोकळा होतो. त्यात पालथं पडून १०० मीटर खाली डोकवायचं, आणि गाइड तुमचे घोटे धरून ठेवतो. टिप आधीच द्या. घोटे धरलेल्या माणसाशी घासाघीस करणं मला तरी प्रशस्त वाटत नाही.

टिपेसाठी एक-एक डॉलरच्या अमेरिकी नोटा बरोबर न्या, कारण सुटे कुणाकडेच नसतात. मोठे मात्र सगळ्यांकडे असतात. रस्त्यावर एक पोरगा मागे लागेल आणि २००९ ची शंभर ट्रिलियन झिम्बाब्वे डॉलरची नोट पुढे करेल. एकावर चौदा शून्यं. घाबरू नका, आपल्याकडे एवढ्या आकड्याला नाव आहे. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, आणि त्यापुढचा जलधी. ही नोट म्हणजे बरोबर एक जलधी. २०१५ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने या एका जलधीचे ४० अमेरिकी सेंट दिले होते. पोरगा त्याच्या कितीतरी पट मागेल. थोडी घासाघीस करून घ्याच.

हॉटेलवर आलात की नोट उलटून बघा. मागे एक रेडा आहे आणि त्याच्या शेजारी अख्खा व्हिक्टोरिया फॉल्स छापलेला आहे. धुकं नाही, मधे कुणाची छत्री नाही, हात लावला तर कोरडा ठणठणीत.