कल्पना नाही, सर

सातवीतल्या लेकीच्या वहीत माझ्या वाक्यावर लाल शाई उमटली आणि इंग्रजीच्या बाबतीत घरात माझी जी काही पत होती, ती गेली. ‘इमॅजिन’ वापरून पाच वाक्यं करायची होती. चार तिने केली. पाचवं मी गवार मोडता मोडता सांगितलं: ‘आय कान्ट इमॅजिन टू लिव्ह विदाउट टी.’ बाईंनी ‘टू लिव्ह’ कापून वर ‘लिव्हिंग’ लिहिलं. चहाला हात लावला नाही, एवढंच समाधान.

“तूच म्हणालास ना, ‘टू’ कुठेही चालतं?”

म्हणालो होतो खरा. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’ यांच्या पंगतीत मी इमॅजिनलाही बसवलं होतं. पण त्याचं पान ‘एन्जॉय’ आणि ‘अव्हॉइड’च्या शेजारी. पुढे क्रियापद आलं, तर त्याला आयएनजी वाढल्याशिवाय घास घ्यायचा नाही.

रात्री सगळे झोपल्यावर डिक्शनरी काढली. मूळ लॅटिन ‘इमागो’, म्हणजे प्रतिमा. ‘इमेज’ ही त्याच घरातली. म्हणजे इमॅजिन करायचं तर डोळ्यांपुढे चित्र उभं राहायला हवं. हे वाचलं आणि बिल्डरच्या ऑफिसातला तो टाय लावलेला पोरगा आठवला. घोडबंदर रोडवर, सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत उभं करून तो म्हणाला होता, “जस्ट इमॅजिन सिटिंग हिअर विथ चाय, सर. समोर येऊरचे डोंगर!” चित्र इतकं झकास उभं राहिलं की मी तिथल्या तिथे टोकनचा चेक फाडला. आज समोर दुसरा टॉवर आहे आणि चहा पिताना कुणाचे तरी बनियन वाळताना दिसतात. पण ‘सिटिंग’ म्हणाला होता हो पोरगा! व्याकरणात त्याने फसवलं नव्हतं.

पुढचा अर्थ साधा: ‘आय इमॅजिन’ म्हणजे ‘मला वाटतं, बहुधा’. तिसरा मात्र आमच्या घरचाच निघाला. ‘यू आर इमॅजिनिंग थिंग्ज’, म्हणजे तुला भास होतोय. एरवी हे क्रियापद चालू काळात फारसं जात नाही, भास झाले की जातं. बायकोला मध्यरात्री नळ टपटपताना ऐकू येतो, तेव्हा कुशीवर वळत मी हेच म्हणतो, मराठीत. नळ खरंच टपटपत असतो.

पण इमॅजिनने मला खरा दगा दिला तो नोकरीच्या पहिल्या वर्षी, आणि त्यात दोष आपल्या ‘कल्पने’चा. आपण मराठी माणसं कल्पनेला कचेरीत राबवतो. नोटिशीतून रहिवाशांना पूर्वकल्पना देतो, रजेची साहेबांना कल्पना देतो आणि माहीत नसलं की ‘कल्पना नाही’ म्हणतो. यातल्या एकाही कामाला इमॅजिन येत नाही. इंग्रज तिथे ‘आयडिया’ला पाठवतो किंवा सरळ ‘टोल्ड’ म्हणतो. हे मला कोण सांगणार? साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, फाइल कुणाकडे अडकलीय. मी उभा राहून, खणखणीत आवाजात: “आय हॅव नो इमॅजिनेशन, सर.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “दॅट आय कॅन सी,” म्हणाले.

फाइल माझ्याच खणात सापडली. ते जाऊ दे.

सकाळी लेकीला हे सगळं पंक्तीप्रपंचासकट समजावलं. तिने मान डोलावली, वही पुढे सरकवली. “आज ‘सपोज’ आहे, बाबा. पाच वाक्यं.”

तेवढ्यात आतून आवाज आला, “दुपारपासून पाणी बंद आहे, कल्पना आहे ना?”

“आईला विचार,” मी लेकीला म्हटलं आणि बादल्या भरायला उठलो.