मॅट मारून होडी नवी होत नाही

"दोन थर मॅट मार, होडी नवी झाली म्हणान समज." हे वाक्य आता मला ऐकवत नाही. मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून होडीवर चिकटवतात ती. बंदरावर भेटेल तो हेच सांगतो. जाळी शिवणारा सांगतो, बर्फ उतरवणारा सांगतो, ज्याने आयुष्यात ग्राइंडर हातात धरला नाही तोही सांगतो. यातला एकही जण अजून होडीखाली वाकून बघायला आलेला नाही. निकाल मात्र सगळ्यांचा तयार!

होडी बाबांची. फायबरची, मागे बाहेरून आउटबोर्ड इंजिन अडकवायची. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला झोडपत वर सरकलं तेव्हा नांगराचा दोर तुटून ती खडकांवर गेली आणि डाव्या अंगाला, पाण्याखाली राहतो त्या भागात फुटली. बाबांनी मागतील तेवढे पैसे देऊन दुरुस्त करून घेतली. यंदा त्या ठिगळाची कड सुटलेली दिसली. बोटं घालून ओढली, तर अख्खं ठिगळ हातात आलं. आणि खाली काय? जुना निळा रंग. तसाच्या तसा, चकचकीत. ज्याने पैसे घेतले त्याने रंगसुद्धा घासला नव्हता! रंगावर रेझिन फासलं, त्यावर मॅट दाबली, वरून जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराचा, हात फिरवला आणि माझ्या बापाला त्या होडीतून समुद्रात जाऊ दिलं. पैसे बुडाल्याचं मी एक वेळ विसरेन, हे नाही विसरणार.

जुन्या, सुकलेल्या फायबरशी नवं रेझिन एकजीव होत नाही, ते नुसतं चिकटतं. म्हणून ते ज्याला चिकटणार तो भाग घासून उघडा केलेला, कोरडा आणि तेला-धुळीशिवाय असावा लागतो. भोकाची कड तिरकी उतरवत न्यावी लागते, फायबरच्या जाडीच्या निदान बारा पट लांब. तळ सहा मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी सात सेंटिमीटरांहून जास्त उतार हवा. मग त्या उतारावर थरावर थर. रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या साधारण एक ते दोन टक्के, आणि तोही मापून. इथे तो बाटलीच्या बुचाने ओततात! जास्त पडला की रेझिन तापून ठिसूळ होतं, कमी पडला की आतून चिकट राहतं, आणि दोन्हीवर रंग मारला की सारखंच दिसतं. त्या रंगाच्या भरवशावर तर यांचा धंदा चालतो.

बरं, भोक निदान दिसतं तरी. मला झोप येत नाही ती मागच्या फळीमुळे. जिच्यावर इंजिन अडकवतो ती फळी बाहेरून फायबर दिसते, पण पोटात प्लायवूड असतं. इंजिनच्या बोल्टांची भोकं नीट बंद केलेली नसली की तिथून खारं पाणी आत झिरपतं. दोन्ही बाजूंनी फायबर असल्यामुळे ते बाहेर निघत नाही, सुकतही नाही. लाकूड वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतं. तळातल्या लांब पट्ट्यांचं तेच, त्याही लाकडावर फायबर चढवलेल्या. मी हातोडीच्या दांड्याने सगळी होडी ठोकून पाहिली. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, खणखणीत आवाज येतो. मागे फळीच्या खालच्या अर्ध्या भागात बद्द. इंजिन वर-खाली करून पाहिलं तर फळी हलते, डोळ्यांना दिसेल इतकी. पस्तीस-चाळीस किलोंचं इंजिन, त्याचा जोर, वर लाटेचा हिसका, हे सगळं त्या कुजक्या प्लायवर. ती फळी खाडीच्या तोंडाशी तुटली तर मॅटचे थर सांगणाऱ्यांपैकी कोण पोहत येणार आहे?

तरीही कारागीर फोनवर आकडा सांगतो. न बघता! मी म्हटलं, आधी फळी उघडून बघू, मग बोला. तर म्हणाला, "कित्याक येवढो इचार करतंस? वरसून पॅक करतंय." वरून पॅक! ओलं लाकूड आत कोंडून त्यावर आणखी फायबर चढवणार. होडी जड होणार, फळी आतून सडत राहणार, आणि दोन हंगामांनी हाच माणूस पुन्हा पैसे घ्यायला हजर.

यात काळ-वेळेचा घोळ वेगळाच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणून दुरुस्तीची सगळी कामं पावसाळ्यात काढतात. कोकणातला जुलै! भिंतींना पाणी सुटतं, मीठ वितळतं, आणि हे ताडपत्रीखाली बसून ओल्या फायबरवर मॅट मारतात, का तर नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवी. नीट काम करायचं तर होडी उघडी करून फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात आठवडेच्या आठवडे सुकवायला हवी. पण ते दिवस कमाईचे. ते बुडाले तर घर कशावर चालणार, याचं उत्तर कोणी देत नाही. सल्ला मात्र फुकट मिळतो.

दुसरे आहेत ते म्हणतात, "टाकून दे, नवी घे." टाकू कुठे? लाकडी होडी मोडली तर फळ्या कामाला येतात, उरलेलं चुलीत जातं. फायबर एकदा घट्ट झालं की वितळत नाही, पुन्हा दुसरं काही घडवता येत नाही. भंगारवाला इंजिन नेतो, नटबोल्ट नेतो, होडीला हात लावत नाही. जाळलं तर काळा विषारी धूर. म्हणून किनाऱ्यावर जागोजागी फुटक्या होड्या उपड्या पडल्यात, त्यांच्या काचेच्या कुसळांत पोरं खेळतात. सरकार नव्या होडीसाठी योजना काढतं. जुनीचं काय करायचं, हे गावात विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आणि बाबा. ते काहीच बोलत नाहीत. संध्याकाळी होडीपाशी जाऊन उभे राहतात. त्यांना वाटतं मी पैशांवरून मागेपुढे करतोय. बाबा, मला तुम्ही परत यायला हवे आहात, एवढंच आहे हो.

मधे एक गिऱ्हाईक येऊन गेलं. म्हणे स्वस्तात द्या, पुट्टी भरून, रंग मारून पुढे विकतो. पुढे म्हणजे कुणाला? कर्ज काढून पहिली होडी घेणाऱ्या कुठल्यातरी पोराला! त्याला मी हाकलून दिलं.

आता मीच ड्रिल घेणार आहे. फळीत आणि तळाच्या पट्ट्यांत आतल्या बाजूने भोकं पाडून भुसा बघणार. फळीच गेली असेल आणि पट्ट्या कोरड्या निघाल्या तर फळी पूर्ण काढून नवी बसवायची, उन्हाच्या दिवसांत, माझ्या डोळ्यांदेखत, एक हंगाम बुडाला तरी चालेल. पट्ट्यांतूनही काळा ओला भुसा निघाला तर होडी कापायची, मधोमध, म्हणजे पुन्हा कुणाला रंगवून विकता येणार नाही. आणि ते तुकडे कुठे न्यायचे ते लेखी सांगा, म्हणून मी ग्रामपंचायतीत जाऊन बसणार आहे.