लाकडावर मासा जगत नाही

“लाकूड खाणारा मासा टाकीत सोडा आणि ड्रिफ्टवूडचा, म्हणजे पाण्यात राहून झिजलेल्या लाकडाचा, एक तुकडा ठेवा; वाळवीप्रमाणे तो लाकूडच पचवतो. मग खाद्याचा खर्च नाही, काचेवर शेवाळ नाही, पाणी बदलण्याची कटकट नाही,” असे सांगणारी चित्रफीत सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या भाच्याने तिच्यावर विसंबून क्लाऊन प्लेको आणला. व्हेनेझुएलातील नद्यांतला हा बोटभर लांबीचा पट्टेदार मासा मी पाहिला तेव्हा त्याचे पोट खपाटीला गेले होते आणि डोळे खोल बसले होते.

हा मासा लाकूड खरवडतो, एवढे मान्य करावे लागते. ड्रिफ्टवूड त्याच्या टाकीत असावेच. पण पोटात गेलेले सगळे अंगी लागत नाही. डोनोव्हन जर्मन या संशोधकाने याच्या मोठ्या भाईबंदांवर, म्हणजे पॅनाक माशांवर, केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रंगवलेले लाकूड 4 तासांच्या आत माशांच्या आतड्यातून बाहेर पडले आणि लाकडावर ठेवलेल्या माशांचे वजन घटले. वाळवीच्या आतड्यात लाकूड आंबवण्याची जी व्यवस्था असते, ती यांच्यात आढळली नाही. नदीच्या तळाशी कुजलेल्या ओंडक्यातून सुटणारी द्रव्ये आणि त्यावरचा गाळ यांतून यांचे पोषण होते. दुकानातून आणलेल्या कठीण, स्वच्छ लाकडात ते कोठून मिळणार? चित्रफितीत तर सुताराकडचा कोणताही तुकडा चालेल असेही सांगितले आहे. प्लायवूडमधला गोंद आणि फर्निचरवरचे पॉलिश टाकीत सोडायला सांगणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

खाद्य द्यावेच लागते, आणि तेही रात्री दिवा मालवल्यावर, कारण दिवसभर हा मासा लाकडाच्या खोबणीत दडून असतो आणि वर टाकलेले दाणे इतर मासे फस्त करतात. काकडीची किंवा उकडलेल्या दुधीची चकती वजन बांधून तळाशी ठेवावी, जोडीला बुडणारे शेवाळयुक्त वेफर, म्हणजे माशांच्या खाद्याच्या चकत्या, द्याव्यात आणि उरलेले सकाळी काढून टाकावे.

शेवाळाबद्दल फार लिहायला नको: काच साफ करण्यात या माशाला विशेष रस नसतो. पाणी बदलण्याचे काम तर उलट वाढते. खरवडलेले लाकूड भुशासारख्या विष्ठेच्या रूपाने तळावर साचते. भाच्याच्या फिल्टरचा स्पंज मी बादलीत पिळला तेव्हा पाणी तपकिरी झाले आणि तळाशी भुशाचा थर बसला.