साधा ब्लाउज शिवणारं कुणी उरलंय का?

यंदाही तेच. गौरींसाठी साधी सुती नारायणपेठ साडी घेतली नि ब्लाउज टाकायला गेले. म्हटलं, ताई, गोल गळा, कोपरापर्यंत बाही, पुढे हुक. बस्स. तर तोंडासमोर मोबाइल आला. पाठीवर आरीचा, म्हणजे आकड्याच्या सुईनं भरलेला मोर, फुग्याच्या बाह्या, दोरीला झुंबराएवढी लटकनं. "हल्ली हेच चालतं, मॅडम." आरीचे साडेतीन हजार. साडी अठराशेची! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

बरं, त्या मोरासकट खुर्चीला टेकायचं कसं? पाठीची दोरी रोज कोण बांधणार? आणि आरीचं काम आधी कापड चौकटीवर ताणून, मापाच्या खुणेत भरतात, शिलाई नंतर. म्हणजे दोन वर्षांनी अंग भरलं की उसवायची सोय नाही, मोर अर्धा शिवणीत. आई शिवायची तेव्हा शिवणीत बोटभर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची. आता माया फक्त बिलात.

खणाचं तर विचारूच नका. खास चोळीसाठी विणलेला कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आता नवऱ्याच्या जॅकेटला, बाळाच्या टोपीला, मोबाइलच्या बटव्याला, अगदी चपलेच्या पट्ट्यालाही. चोळीला मात्र "डिझायनर" नेट!

भांडून शेवटी साधाच टाकला. "गुरुवारी नक्की" म्हणाल्या होत्या. तीन गुरुवार झाले. मापाचा ब्लाउजही त्यांच्याकडेच अडकलाय.